मुदत

पार्नूच्या बँकेत, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम शब्दांचे अर्थ लावायचं.
'हरित रोखे' या नोंदीपाशी अडून आज चौथा दिवस.
कायदा विभाग म्हणतो, व्याख्या घट्ट हवी,
कुठून पाणी शिरता कामा नये.
आणि हे रोखे तर काढलेत
दलदलीत पाणी पुन्हा शिरावं म्हणून.

बाबांनी त्याच दलदलीतून एकतीस वर्षं पीट कापलं.
काळ्या ओल्या विटा, अरुंद रुळांवरचे डबे,
हिवाळाभर अख्खं शहर त्यावर शेकायचं.
त्यांच्या नखांत ते अजून आहे.
आता तेच चर लाकडी फळ्या ठोकून बुजवतात,
खणणाऱ्यांनाच बुजवायची मजुरी.
ते म्हणतात, दोन्ही वेळा पैसे मिळाले, तक्रार नाही.
माझ्या कोशात याला 'न्याय्य संक्रमण' म्हणतात.
एकदा वाचून दाखवलं,
तर कानात बोट घालून हलवलं त्यांनी.

दलदलीत चौदा खांब. प्रत्येकावर एक करडी पेटी.
पेट्या दर तासाला पाण्याची पातळी
आमच्या सर्व्हरला कळवतात.
त्याआधी हस्तांदोलन होतं, तार्वो सांगतो, तो नेटवर्क बघतो:
तू कोण? हे माझं प्रमाणपत्र.
बरं. आता चारचौघांत, सगळ्यांच्या देखत,
आपण दोघं असं गुपित ठरवू
जे ऐकणाऱ्यालाही कळणार नाही.
माझ्या आईबाबांचं असंच जमलं, मी म्हटलं,
गावच्या मोठ्या झोक्यावर, सगळं गाव खाली उभं.
तार्वो हसला नाही. तो किल्ल्यांची लांबी सांगत होता.

मंगळवारी रात्री बाराला प्रमाणपत्राची मुदत संपली.
आठवण देणारी ईमेल
निवृत्त झालेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होती.
चौदा पेट्या रात्रभर दार ठोठावत राहिल्या,
दार म्हणत राहिलं, ओळखत नाही.

सकाळी पातळीच्या रकान्यात नुसत्या रेघा.
एखादी रेघ चालते. बारा तास रेघा
म्हणजे अट मोडली, म्हणजे व्याज पाव टक्क्यानं वर.
पान बावीस. लिहिलेलं मीच.
आठ तास उलटले होते.

बाबांना फोन लावला.
ते रबरी बूट चढवून फळ्यांच्या वाटेनं गेले,
हातात खुणा कोरलेली काठी,
खुणा आईच्या शिवणाच्या टेपनं घेतलेल्या.
चाळीस मिनिटांनी फोन वाजला.
खोकला. मग श्वास. मग, "एकोणीस."
सेंटिमीटर?
"मग काय, मैल? जमिनीखाली एकोणीस.
सातव्या खांबाशी अठरा. तिथं क्रौंच उतरलेत,
म्हणून लांबूनच वाकून बघितलं."

तो खोकला मी कुठल्याही गर्दीत ओळखेन.
त्यावर कुणाची सही नाही,
वरचा कुणी त्याची ग्वाही देत नाही.
मी आकडा भरला. खिडकी उघडली: स्रोत निवडा.
पर्याय तीन होते.
वडील, हा त्यात नव्हता.

अकरा वाजता तार्वोनं नवं प्रमाणपत्र बसवलं,
नव्वद दिवसांचं. पेट्या बोलू लागल्या.
एकोणीस पूर्णांक दोन. सातवी, अठरा पूर्णांक एक.
क्रौंचांबद्दल अवाक्षर नाही.

रोख्यांची मुदत तीस वर्षं. बाबा ब्याऐंशीचे.
रात्री त्यांनी विचारलं, रोखा म्हणजे काय गं?
दिलेला शब्द, मी म्हटलं, कागदावर, तारखेसकट.
"आणि रोखतो काय?"
पाणी, बाबा. वाहून जाण्यापासून.
"मग फळीच म्हणा की त्याला."

तेच लिहून कायदा विभागाला पाठवलंय.
उत्तर आलेलं नाही. बाहेर
खाडीवर धुकं आहे, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात
ते लहानसं कुलूप,
अजून एकोणनव्वद दिवस बंद.