अठ्ठावीस मिनिटं

पोस्टरवर आमचं नाव सगळ्यात खाली असायचं,
छापखान्याच्या पत्त्याच्या जरासं वर.
कोल्ड फर्नेस. टोलेडो, ओहायो.
चौघं जण, आणि व्हॅन चालवायला मी:
गाणाऱ्याची थोरली बहीण,
लायसन्स असलेली, दारू न पिणारी.

अठ्ठावीस मिनिटं मिळायची.
तेवढ्यात लोक कोट काढत, खुर्ची शोधत,
बिअरच्या रांगेतून एकमेकांच्या कानात ओरडत,
‘हे संपलं की येतील ना ते?’
पानात आधी मीठ वाढतात, तसे आम्ही.
मिठासाठी कुणी जेवायला येत नाही.

टिबॉर काचेच्या कारखान्यात दिवसपाळीला,
आवाज भट्टीपाशी भाजून निघालेला.
ऑरिन टॅकेट केंटकीच्या डोंगरातला,
बोलताना अडखळायचा, गिटारवर कधीच नाही.
बासवर क्लिओफस. रविवारी सकाळी चर्चमध्ये ऑर्गन;
आईला सांगितलेलं, शनिवारी गोदामात जादा काम असतं.
आणि लाइल वॉयटानेक, ज्याचे ड्रम
व्हॅनमध्ये माझ्या मानेला टेकायचे.
अजून उजवीकडे वळले की कट्‌कन आवाज येतो.
तेवढीच रॉयल्टी.

रेकॉर्ड एकच निघाली. हजार प्रती.
कव्हरवर निळी भट्टी हवी होती, हिरवी छापून आली.
सहा आठवड्यांत कंपनी बुडाली,
सहाशे बारा प्रती आमच्या तळघरात आल्या.
पाणी शिरलं त्या वर्षी
वॉशिंग मशीन त्यांच्यावरच उभं केलं.

आता लायब्ररीत एक पोरगा गाठतो मला,
म्हणतो, तुमच्यावर अन्याय झाला.
कुणी केला, ते काही सांगत नाही.
मी म्हणते, बाळा, तिसरं गाणं फार लांबलं होतं.
टिबॉर वरच्या पट्टीत घसरायचा.
आणि आमच्यासारखे गावोगाव होते,
डेटन, फोर्ट वेन, सॅगिनॉ,
गावाला एक, पाण्याच्या टाकीसारखा.
काही आमच्याहून सरस.
सँडस्कीच्या एका मुलीचं गाणं ऐकून
टिबॉर पार्किंगमध्ये अर्धा तास गप्प बसला होता.
तिच्या बँडचं नाव मला आठवत नाही.
तिचंही नाही.

पण अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीतलं ते वादळ.
लायमा गावातला हॉल.
मोठ्या बँडची बस हायवेवर बर्फात रुतलेली,
आत एकेचाळीस माणसं, दार बाहेरून गाडलेलं.
मॅनेजर म्हणाला, ‘तुम्हाला एकूण किती गाणी येतात?’
आठ येत होती. ती वाजवली.
मग तीच पुन्हा, संथ.
मग रेडिओवरची, मग लाइलच्या काकाच्या लग्नातले पोल्का,
मग क्लिओफस पियानोशी बसला
आणि शनिवार असून रविवारचं काहीतरी वाजवू लागला;
ऑरिन हळूच त्याच्या मागून गेला.

दोनच्या सुमारास वीज गेली.
टिबॉर माइकशिवाय गात राहिला,
आईची हंगेरियन अंगाई.
एका कडव्यापाशी अडला; अंधारातून मी शब्द दिला.
पोरं कोटांवर झोपली होती.
लाइल काठ्या ठेवून नुसत्या बोटांनी वाजवत होता,
खिडकीवर कुणी ओळखीचं टकटक करावं तसं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील.
सगळ्यांच्या हातात लोकरीचे मोजे,
आवाजच आला नाही.

टेपरेकॉर्डर व्हॅनमध्ये होता.
व्हॅन कुठे आहे, ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिठाचा ट्रक आला,
पांढऱ्यावर पांढरं फेकत.
मोठ्या बँडची बस सुटली, थेट इंडियानाकडे गेली.
मॅनेजरने आम्हाला पैसे मोजून दिले,
अठ्ठावीस मिनिटांचे.

त्याच मिठाने मार्चपर्यंत व्हॅनचा तळ खाल्ला.
क्लचखाली वीतभर भोक,
आणि त्यातून पळणारा रस्ता.
मी भोकावर आमचीच एक रेकॉर्ड ठेवली,
हिरवी भट्टी वर करून,
आणि गिअर टाकला.
रात्री आठला कँटनमध्ये पोचायचं होतं.