वजा सत्त्याऐंशी

रात्री नऊला, महापेच्या तिसऱ्या मजल्यावर
मी एका गावाच्या रकान्यांत शिरते.
एल तामारिंदो.
या नावाची गावं मध्य अमेरिकेत ढिगानं,
हे त्यातलं लहान, डोंगरातलं.
अक्षांश चौदा पूर्णांक आठ, म्हणजे आपल्या कारवारच्या ओळीत.
वस्ती एक हजार तीनशे बारा.
दुसऱ्या यादीत बाराशे नव्वद.
मधली बावीस माणसं कुठे गेली
हे विचारायला रकाना नाही.
नदी: आहे. नदीचं नाव: उपलब्ध नाही.
घड्याळ जवळपास आपलंच, अर्धा तास पुढे,
फक्त तिकडे सकाळ.

काल रेखांशाआधी वजा टाकायला प्रणित विसरला
आणि अख्खं गाव, चर्च, शाळा, मक्याच्या शेतांसकट
बंगालच्या उपसागरात मधोमध जाऊन बसलं.
डिमेलो मॅडम ओरडल्या नाहीत.
नकाशा मोठा करून
निळ्यातला लाल ठिपका दाखवला नुसता.
मी एक बारीक आडवी रेघ मारली
आणि तेराशे माणसं कोरडी झाली.

समुद्रसपाटीपासून उंची: सहाशे चाळीस मीटर.
हा रकाना आला की बाबा आठवतात,
हासूराम मढवी, मिठागरातले.
मीटर त्यांना ठाऊक नव्हते.
उधाणाचं पाणी कुणाच्या उंबऱ्याला शिवतं
आणि कुणाच्या नाही, एवढं पाठ होतं.
माझ्या आत्याची सोयरीक त्यांनी
त्यावरूनच मोडली होती.

शेवटचा रकाना: नावाचा अर्थ. ऐच्छिक.
कुणी भरत नाही. मी शोधला.
अरबांनी म्हटलं हिंदचा खजूर,
बोलता बोलता, बंदरं बदलता बदलता
त्याचं तामारिंदो झालं.
चिंच.

मी ऐरोलीत चिंचपाड्याला राहते.

पाड्यात आमच्या गल्लीपुरती चिंच एकच,
महावितरणच्या डीपीला टेकलेली.
तारांसाठी दरवर्षी तिचे हात छाटतात.
तरी फेब्रुवारीत पोरं दगड मारतातच,
गाभुळलेली पडली
की एकजण मिठासाठी घरी पळतो.
मीठ आता पिशवीतलं.

रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं, चिंच.
देवनागरी घेत नाही म्हणालं मशीन.
पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही.

तिकडे आता मधली सुट्टी झाली असेल.
त्या बेनाव नदीच्या कडेला
एखादी मुलगी एक डोळा मिटून
आंबट आवाज काढत असेल.

रकाना कोरा सोडून
मी पुढचं गाव उघडलं.
दात आंबलेले.