बी. के.

सकाळची गोळी एन्देल गिळत नाही.
रुमालात बांधून खिशात ठेवतो,
पूर्वी जिथे बोटीचे खिळे असायचे त्या खिशात.
आधी रक्त, मग गोळी.
काल हियुमा बेटावरून बोट, पुढे बस,
रात्र चुलतबहिणीच्या सोफ्यावर,
आणि आता तार्तूच्या इस्पितळात, आठच्या रांगेत
आम्ही दोघं, भाऊ नि बहीण.
दोघांत मिळून चालती मूत्रपिंडं दोनच,
दोन्ही माझ्या जन्माची.

ऑगस्टमध्ये आकडा शून्य होता.
सप्टेंबरात बाराशे.
बाराशे काय, मी विचारलं.
प्रती, डॉक्टर क्यूल्ली म्हणाल्या,
एवढ्याशा रक्तात विषाणूच्या इतक्या प्रती.
दर रविवारी मी चर्चच्या पत्रिका घडी घालते,
साठ प्रती.
त्यातल्याही निम्म्या उरतात.

याला नाव नाही, नुसती दोन अक्षरं आहेत.
कुणा आजारी माणसाची आद्याक्षरं,
लंडनमधल्या, फार वर्षांपूर्वीच्या.
बाकीचं नाव त्याच्या फाइलमध्येच राहिलं.
त्याच्यासाठीही मी एकदा मेणबत्ती लावली.
वर पूर्ण नाव माहीत असेल, या हिशेबानं.

बहुतेक सगळ्यांच्यात असतो तो, डॉक्टर म्हणाल्या.
लहानपणी सर्दीसारखा येतो
आणि मूत्रपिंडात बिनभाड्याचा राहतो.
कुरकुर नाही, दारावर पाटी नाही.
मी चार वर्षांची होते त्या हिवाळ्यात
आम्ही एका रजईखाली शिंकत होतो,
आई आमच्या छातीला हंसाची चरबी चोळायची.
तेव्हाच शिरला असेल का?
मग पन्नास वर्षं माझ्यात झोपून राहिला,
मी लग्न केलं, मोडलं, मासे धुरावर धरले,
आणि एका मंगळवारी सर्जननं
माझ्या डाव्या कुशीतून काढून
भावाच्या पोटात त्याची सोय केली.
आंदणाच्या पेटीच्या तळाशी वाळवी,
आणि पेटी देताना सगळे टाळ्या वाजवतात.

हे मी एन्देलला बोलले नाही.

त्याच्या शरीराचे राखणदार गोळ्या देऊन झोपवलेत.
जागे असते तर त्यांनी मलाच परकी म्हणून फाडलं असतं.
पण राखणदार निजले की निजलेला उठतो.
ऑक्टोबरात चौदा हजार.
डॉक्टरांनी एक गोळी निम्मी केली.
फार जागे होऊ नयेत, फार झोपूही नयेत.
याच्यावर थेट औषध नाही, त्या म्हणाल्या,
मोजत राहायचं.

एन्देल ते आकडे कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहितो.
त्याच चौकोनांत पूर्वी बर्फाची जाडी असायची:
इतक्या सेंटिमीटरला माणूस, इतक्याला मोटार.
समुद्र गोठला की बेटापासून किनाऱ्यापर्यंत रस्ता व्हायचा,
रोज पहाटे भोकं पाडून मोजलेला.
त्या रस्त्यावर सीटबेल्ट बांधायचा नसतो.
हल्ली बर्फ तेवढा धरत नाही.

नर्स नळीवर त्याचं पूर्ण नाव चिकटवते.
आकडा चार दिवसांनी, फोनवर.
बाही खाली ओढत तो म्हणतो,
“मायमू, त्या वर्षीची सर्दी शाळेतून मी आणली होती.
तुला माझ्यामुळे झाली.”
मी त्याच्याकडे बघत राहते.
कधीपासून हा हिशेब करत बसला होता?
तो रुमालाची गाठ सोडतो,
पाण्याला थांबत नाही,
गोळी तशीच कोरडी गिळतो
आणि विचारतो, परतीची बस किती वाजता आहे.