चार बोटं

ठासणीच्या बंदुकीला घाई चालत नाही.
आधी दारू, बांबूच्या पेरातून मोजून,
मग बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा,
आणि गजानं ठोकायचं, गज हातातून उडेपर्यंत.
उडाला की समजायचं, बसली.
बाबा म्हणायचा, भरायला हिला दहा कामं,
रिकामी करायला एकच.

त्या दिवशी काथ्या संपलेला.
"दप्तरातलं पान दे येक."
मी सतराच्या पाढ्याचं दिलं,
पाठ होत नव्हता म्हणून.
ओढताना फाटलं.
सतरा चोक अडुसष्ट वहीत राहिलं,
पुढचं बंदुकीत गेलं.

वैशाख होता. खळ्यात बाळहिरडा वाळत पडलेला.
शेकरू राईच्या हद्दीवर सापडलं.
राईत बार काढायचा नाही
हे बाबाला कुणी सांगितलं नव्हतं,
चुलीत थुंकू नये हे जसं कुणी सांगत नाही.
आणि हे येडं
मागच्या पायांनी राईतली फांदी धरून
उलटं लोंबत होतं,
तोंड आमच्या बाजूच्या जांभळात.
अर्धं देवाचं, अर्धं आमचं.
बाबा बराच वेळ विचार करत राहिला.
मग त्यानं आमच्या अर्ध्यावर नेम धरला.

खट्ट.

टोपी वाजली, दारू नाही.
बाबानं नळी खाली केली नाही.
ही कधीकधी विचार करून बोलते, म्हणाला,
आणि पन्नास आकडे मोजायला लावले मला.
मी मोजले. शेकरानं तेवढ्यात
तीन जांभळं खाल्ली,
एक बी माझ्या पायाशी टाकली.
दुसरी टोपी नव्हती.

वाटेतच पाटलाचा सोपान धावत आला :
इलेक्शन लागलंय, परवान्याच्या बंदुका
आजच्या आज घोडेगावला जमा करायच्यात.
आत बार आहे हे बाबा ठाण्यात बोलला नाही.
बोलला असता तर
कशासाठी भरली, हे पण सांगावं लागलं असतं.
पावती घेतली, चहा प्यायला,
येताना मला म्हणाला, "गंगाराम, पाढा पाठ कर."

त्याच पावसाळ्यात तो तापानं गेला.
मत द्यायचं राहिलं नव्हतं, शाई बोटावर होती.

आता मी शेकरं मोजतो.
मे महिन्यात फॉरेस्टवाल्यांपुढे चालतो,
घरटं दाखवतो, ते यंत्रात आकडा घालतात.
वापरातलं, सोडलेलं, अर्धवट.
एका शेकराची पाच-सहा घरटी असतात, साहेब,
मी सांगतो, सगळी धरू नका.
रोजचे साडेतीनशे मिळतात.
त्या जांभळापाशी मी आकडा जरा हळू सांगतो.

परवा कागद आला :
कै. चिंधू बारकू असवले यांच्या वारसाने
शस्त्राबाबत म्हणणे मांडावे.
गेलो. शिरसाट बाई हवालदार,
कपाटातून काढून तिनं टेबलावर ठेवली.
मला वाटलं होतं, मोठी असेल.
दस्त्याला वाळवी, घोडा गंजून लाल,
गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, जनावराच्या असते तशी.
"सरकारजमा करताय ना? इथं सही."

बाई, ती भरलेली आहे.

ती हसली. तीस वर्षांची?
मी गज मागितला, नळीत अलगद सोडला.
रिकाम्या बंदुकीत गज तोंडाशी टेकतो.
हा चार बोटं वर राहिला.

बाकावरचे दोघे उठून दाराशी गेले.
कुणीतरी पंखा बंद केला, का ते माहीत नाही.
मी त्या चार बोटांना हात लावून उभा,
आणि मनात अडुसष्टच्या पुढे जायची धडपड.
अजून अडतो तिथंच.

बाईनं रजिस्टर पुढं ओढलं, पेनाचं टोपण काढलं.
"सांगा," म्हणाली,
"आत काय काय आहे?"