आधी जमीन

पाइपलाइन निळी, व्हॉल्व्ह लाल.
सहाशे बारा ठिपके
करड्या शून्यावर तरंगत होते.
मागून नाना आले, काय करलालीस गं?
शहर आहे, म्हटलं. आपलं सोलापूर. पाण्याचं.
नानांनी चष्मा कपाळावर सरकवला:
याची जमीन कुठाय?

तीस वर्षं मागावर उभं राहिलेल्या माणसाचा प्रश्न.
जमीन नसेल तर चादरीवरचा मोर म्हणजे
नुसते लोंबते धागे.

म्हणून त्या रात्री जमीन घालायला बसले.
फार काही नसतं त्यात.
एक पत्ता द्यायचा, कुठल्या कुठून चौकोन येतात
आणि शेजारी शेजारी बसतात,
सांधा दिसत नाही.

पहिल्या खेपेला चुकलं.
सतरा आणि पंचाहत्तर यांची अदलाबदल झाली
आणि पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावाचे
सगळे व्हॉल्व्ह
उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन पडले.
रात्री दोनला एकटीच हसले.
मग हसणं थांबलं.
किती पाणी होतं तिथं.

मग उपग्रहाचं चित्र लावून पाहिलं.
पत्रे, पत्र्यांवर ठेवलेले दगड,
दर गच्चीवर काळी टाकी, तीळ असावा तशी.
आमच्या मागची चिमणी पाडून वर्ष झालं,
चित्रात तिची सावली अजून
चार घरांवर आडवी पडलेली.
ती चार घरं मी बराच वेळ पाहत राहिले.
ठिपके मात्र त्या गर्दीत हरवले.

फिकट घे, तोरवी सर म्हणाले ऑफिसात.
पार्श्वभूमीनं कसं, आपली जागा ओळखून राहावं.
मी घरी येऊन फिकट घेतलं.
रस्ते राखाडी, तलाव जेमतेम निळा,
गल्ल्यांची नावं पुसट, नाहीतर नाहीतच.
मागे भिंतीशी आई विड्या वळत होती
मांडीवरच्या सुपाचाही आवाज न करता.
नऊशे झाल्या, शंभर राहिल्या, एवढंच बोलली.

तपासायला चावीवाले हत्तुरे आले, मल्लिनाथ हत्तुरे.
लोखंडी चावी त्यांनी दाराशी टेकवली,
मांजराला बाहेर बसवावं तशी.
पडद्यावर वाकले. हे काय, धुकं पडलंय काय गावात?
जोडबसवण्णा चौकापासून बोटानं निघाले,
डावीकडं, पुन्हा डावीकडं,
बंद कारखान्याच्या भिंतीला लागून लिंब,
लिंबाखाली व्हॉल्व्ह.
लिंब नव्हता. भिंत नव्हती. गल्लीला नाव नव्हतं.
ते जवळ जात राहिले, दोन बोटांनी,
अजून जवळ,
तोवर चौकोन संपले.
या पातळीवर नकाशा उपलब्ध नाही.
पुन्हा पहिल्या दिवसासारखं करडं
आणि त्यावर एकटा लाल ठिपका.

हां, हत्तुरे म्हणाले, इथंच की.
अंधारात पण सापडतो मला.
ओलीचा वास असतो त्याला.

नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात,
कुणाचा नकाशा, कुणाचं ऋण.
ती काढायची नाहीत असा नियम आहे. मी काढली नाहीत.
तोरवी सरांना न विचारता
खाली एक ओळ वाढवली:
लिंब, भिंत आणि सतरा गल्ल्यांची नावं,
म. हत्तुरे यांच्या सांगण्यावरून.

आता पाण्याच्या दिवशी
पहाटे चारला कुणीतरी मोबाइल उघडतं.
नेट बारीक असतं. आधी ठिपका येतो,
लाल, अधांतरी.
जमीन मागाहून, चौकोन चौकोन करत,
आणि ती पुरती लागायच्या आत
हंडे नळापाशी गेलेले असतात.