बादली

खाली माग, वर आम्ही.
कोरडं सूत पटापट तुटतं,
म्हणून मामय्या चाळीस वर्षं
कारखान्याच्या फरशीवर पाणी मारत आले.
सकाळी एकदा, दुपारी दोनदा,
एप्रिलात तर मोजदादच नाही.

ती ओल जिन्याने वर यायची.
शालूच्या घडीत पांढरी बुरशी,
पिठाच्या डब्यात गुठळ्या,
आणि श्रीनूच्या छातीत रात्रभर
ढिल्या पट्ट्यासारखी घरघर.

सात रस्त्यावरचा दुकानदार हसला.
वहिनी, सोलापुरात कूलर खपतो,
हवेतलं पाणी काढून मागणारं
गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच.
वीस लिटरचं देऊ की पन्नास?
मी खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या,
मग खालचे माग.
पन्नास.

यल्लप्पा मिस्त्रीने यंत्र माळ्यावर बसवलं,
खोलीखोलीत एक जाळी.
पाण्याची नळी हातात धरून म्हणाला,
ही कुठं सोडू? मोरीत?
मामय्या जिन्यात उभे होते,
आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते.
"बादलीत सोड."

आता काटा पंचावन्नवर असतो.
श्रीनू झोपतो, बहुतेक रात्री.
शालूचा वास अजून गेलेला नाही.

पहाटे बादली काठोकाठ.
मामय्या कुणाला हात लावू देत नाहीत,
एकेक पायरी टेकत उतरतात
आणि मागांखाली शिंपडतात
खालूनच वर आलेलं पाणी.

वीजबिल तेवढं
माझ्या उंबऱ्यावर ठेवून जातात.