कंडिशनरचा तिसरा आठवडा

वारज्यात टँकरचं पाणी,
बादलीला पांढरी कड धरणारं.
सोळा वर्षं रोज सकाळी शांपू,
कारण हेल्मेट, कारण चांदणी चौकातली धूळ,
कारण ओले केस बोटांत चुंई वाजले
की मगच स्वच्छ,
हे डोक्यात बसलेलं, कुणी बसवलं आठवत नाही.

केस म्हणजे काय, उंदराची शेपटी.
आत्या वेणी घालताना म्हणायची
आणि रबर चार वेढे फिरवायची.

लॅबमधली मृण्मयी म्हणाली, शांपू सोड.
नुसतं कंडिशनर. मुळांशी चोळ, नखं लावू नकोस.
आणि आरशाकडे थोडे दिवस बघू नकोस.

बघितलंच.
टाळूला चिकटलेले, भांग रुंद, कपाळ उघडं.
ऑफिसातही स्कार्फ सोडवेना.
लिफ्टमध्ये करंबेळकर काकू:
तेल जरा जास्त झालं का गं?
हो म्हटलं. काय सांगणार चार मजल्यांत.

आज बुधवार.
मोरीच्या जाळीवर रोजचा गुंता उचलायला वाकले,
तर दोन केस. मोजले परत. दोनच.
मग शेवटचा तांब्या ओतला,
केस बोटांतून सरकत गेले
आणि आवाज नाही.

तशीच उभी राहिले, कान देऊन,
खाली टँकरवाला हॉर्न मारत होता.